घराच्या विम्याचा हप्ता रास्त आहे का? ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीचे तीन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

कोल्हापुरात नागाळा पार्क भागात आम्ही २०२३ साली फ्लॅट घेतला, तेव्हा २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षांचे पंचगंगेचे पाणी इमारतीतल्या जुन्या रहिवाशांच्या बोलण्यात रोज येत असे. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर असल्याने पाणी घरात शिरण्याची भीती कमी होती. तरीही घराचा आणि घरातील सामानाचा विमा काढायचाच, हे आम्ही नवरा-बायकोने आधीच ठरवले होते. त्याचा हप्ता रास्त आहे की नाही हे कसे ठरवायचे, हा प्रश्न मात्र सुटत नव्हता. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून लागू केलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आम्ही शेवटी घेतली. तिचा तीन वर्षांचा अनुभव आणि त्याआधी केलेला हिशेब येथे मांडतो आहे.

पहिला प्रस्ताव गृहकर्ज देणाऱ्या बँकेकडूनच आला. करारातली किंमत ५८ लाख रुपये होती, म्हणून विमाही ५८ लाखांचा, मुदत दहा वर्षे आणि एकरकमी हप्ता जीएसटीसह २१,५०० रुपये. ही रक्कम कर्जातच मिळवून देऊ, असे सांगण्यात आले. वर्षाला २,१५० रुपये ऐकायला जड वाटत नाहीत. जीएसटी वजा केला तर दर हजारी विमा रकमेमागे सुमारे ३१ पैसे पडतात आणि पुढे मिळालेल्या सर्व कोटेशनांमध्ये हाच दर सर्वांत कमी होता. असे असूनही हा हप्ता अवाजवी होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण असे की ५८ लाखांत जमिनीचा हिस्सा होता, नागाळा पार्क या पत्त्याचे मोल होते आणि बिल्डरचा नफाही होता. आग लागली किंवा भूकंप झाला तरी जमीन आणि पत्ता जागेवरच राहतात. पुन्हा उभे करावे लागते ते फक्त बांधकाम. ‘भारत गृह रक्षा’ मध्ये इमारतीची विमा रक्कम काढण्याची पद्धत म्हणूनच मला अत्यंत योग्य वाटते: घराचा कार्पेट एरिया (म्हणजे घराच्या आतले प्रत्यक्ष वापराचे क्षेत्रफळ) आणि पॉलिसी सुरू होताना त्या भागात चालू असलेला बांधकामाचा दर यांचा गुणाकार. आमचा कार्पेट एरिया ७२० चौरस फूट. परिचयातल्या एका स्थापत्य अभियंत्याने आमच्या इमारतीच्या दर्जाला चौरस फुटामागे २,४०० रुपये दर सांगितला. म्हणजे १७ लाख २८ हजार. विमा कंपनी प्रत्यक्ष नुकसानापेक्षा जास्त भरपाई देत नाही, त्यामुळे उरलेल्या ४० लाख ७२ हजारांवर भरलेला हप्ता दहा वर्षे निव्वळ वाया गेला असता.

त्यात तो हप्ता कर्जात मिळवला जाणार होता. ८.७५ टक्के व्याजाने वीस वर्षांत २१,५०० रुपयांची परतफेड सुमारे ४५,६०० रुपये होते. दहा वर्षांच्या विम्याचे पैसे वीस वर्षे फेडत बसायचे, हे त्या अर्जावर कुठेही लिहिलेले नव्हते. अमुक कंपनीचाच विमा घ्या, अशी सक्ती बँक करू शकत नाही. तारण घराचा विमा असावा आणि त्यावर बँकेचे नाव नोंदवलेले असावे, एवढी तिची अपेक्षा रास्त आहे आणि आम्ही ती पूर्ण केली.

इमारतीचा आकडा निश्चित झाल्यावर सामानाकडे वळलो. इमारतीचा विमा घेतला की तिच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंतचे सामान तपशील न देताही या पॉलिसीत समाविष्ट होते. आमच्या बाबतीत ही रक्कम साधारण ३ लाख ४६ हजार होत होती. ती पुरेशी आहे का, हे पाहण्यासाठी एका रविवारी सकाळी पत्नी वही घेऊन बसली आणि आम्ही खोलीखोलीतून फिरलो. फ्रिज, वॉशिंग मशीन, घरघंटी, दोन कपाटे, पलंग आणि गाद्या, सासूबाईंनी दिलेली तांब्या-पितळेची भांडी, मुलीचा संगणक. प्रत्येक वस्तूपुढे ती आज नवी घ्यायची झाल्यास लागणारी किंमत लिहिली. कपडे आणि स्वयंपाकघर यांचीच बेरीज अपेक्षेच्या दुप्पट निघाली आणि एकूण आकडा ६ लाखांवर थांबला. देवघरातली चांदी आणि दागिने या यादीत धरले नाहीत, कारण मौल्यवान वस्तूंसाठी त्यांचे मूल्य आधी ठरवून वेगळे ऐच्छिक संरक्षण घ्यावे लागते. रोख पैसे, कागदपत्रे आणि वाहने यांना हा विमा लागू होत नाही. तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये पुराने गाडी बुडाली तर तो विषय वाहन विम्याचा आहे, हे आमच्या भागातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मग तीन कंपन्यांकडून वार्षिक कोटेशन मागवली. जीएसटीशिवाय ९३०, १,०४० आणि १,६९० रुपये असे आकडे आले. पहिला अर्थातच स्वस्त वाटला, पण तपशील पाहिला तेव्हा त्यात सामानासाठी आपोआप मिळणारे ३ लाख ४६ हजारच धरलेले होते, तर दुसऱ्यात आमचे ६ लाख पूर्ण होते. एकूण विमा रकमेवर दर हजारी हिशेब केल्यावर दोन्हींचा दर ४५ पैशांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखाच निघाला. तिसऱ्यात ४ लाखांपर्यंत घरफोडीचे संरक्षण जोडलेले होते आणि ते काढायला सांगितल्यावर तो आकडाही १,०६० वर आला. तिन्ही कंपन्यांच्या मूळ पॉलिसीची शब्दरचना एकच असल्यामुळे ही तुलना शक्य झाली. जुन्या धर्तीच्या, कंपनीगणिक वेगवेगळ्या अटींच्या पॉलिसींमध्ये हे जवळपास अशक्य होते आणि माझ्या मते या प्रमाणित पॉलिसीचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

या हप्त्यात आग, वीज कोसळणे, पूर, वादळ, भूस्खलन, दंगल, दहशतवाद आणि भूकंप हे सर्व मूळ पॉलिसीतच येते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवणारी माणसे आमच्या घरात आहेत. त्यामुळे भूकंपासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, याचे मोल आम्हाला अधिक वाटते. दुसरी महत्त्वाची गोष्ट अपुऱ्या विम्याची. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत ६ लाखांच्या सामानाचा विमा ३ लाखांचाच काढला असेल, तर १ लाखाच्या नुकसानीला ५० हजारच मिळत. ‘भारत गृह रक्षा’ मध्ये ही प्रमाणशीर कपात लागू होत नाही. एखाद्या कंपनीची वेगळी, स्वस्त पॉलिसी कोणी पुढे केली, तर हप्त्याच्या आधी हे कलम तपासावे.

उणीवही तितकीच ठळक आहे. मूळ पॉलिसीत एरवीची घरफोडी नाही. आग, पूर यांसारखी विमाछत्रातली आपत्ती घडल्यावर सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी धरली जाते. घराच्या विम्यात चोरी असणारच, असे समजून लोक सही करतात आणि कुलूप तुटल्यावर त्यांना खरी अट कळते. हे विक्रीच्या वेळी पहिल्या वाक्यात सांगितले गेले पाहिजे. विजेचा दाब वाढून किंवा शॉर्ट सर्किट होऊन जळालेल्या उपकरणाची स्वतःची भरपाईही मिळत नाही. त्यातून आग पसरून इतर वस्तू जळाल्या, तर त्यांची मिळते.

प्रत्यक्ष दाव्याची वेळ २०२४ च्या गणपतीत आली. आम्ही चार दिवस गावी होतो आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावरची पाण्याची पाइप फुटली. दार उघडले तेव्हा शयनगृहाच्या छताचे पीओपी जमिनीवर पडलेले होते आणि प्लायवूडच्या कपाटाचा तळ फुगून दारे अडकली होती. आतल्या साड्यांच्या घड्यांमध्ये घातलेला कागद लगदा होऊन काठांना चिकटला होता. कंपनीला त्याच दिवशी कळवले, फोटो काढले आणि सर्वेक्षक येईपर्यंत काहीही हलवले नाही. दावा ४२,००० रुपयांचा होता, मंजूर झाले ३६,४००. दुसऱ्या खोलीच्या भिंतीला आधीपासून ओल होती, तिच्या रंगकामाचे पैसे सर्वेक्षकाने वगळले आणि ते योग्यच होते, कारण हळूहळू मुरलेली ओल हा अपघात नव्हे. कपाट मात्र नऊ वर्षांचे असूनही घसारा न कापता नव्या कपाटाची किंमत मिळाली. वहीतली यादी आणि जुनी बिले हाताशी होती, म्हणून वाद घालावा लागला नाही.

आम्ही दुसऱ्या कोटेशनची पॉलिसी घेतली आणि तीन वर्षांचा हप्ता एकदम भरला होता: ३,१२० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून सुमारे ३,६८२. (२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा जीएसटीमुक्त झाले, घराच्या विम्यावरील कर मात्र कायम आहे आणि तोही हटवला जावा, असे मला मनापासून वाटते.) एक वर्षापेक्षा जास्त मुदत घेतल्याने इमारतीची विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी, जादा हप्ता न घेता वाढत गेली आणि तिसऱ्या वर्षी ती २० लाख ७३ हजार झाली.

पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी बांधकामाचा दर अभियंत्याकडून नव्याने घ्यायचा आहे. सोसायटीच्या सभेत संपूर्ण इमारतीचा एकत्रित विमा काढण्याचा विषयही निघाला आहे. तसे झाले तर आमच्या पॉलिसीतला इमारतीचा भाग काढून फक्त सामानाचा विमा ठेवू, कारण एकाच भिंतीचे नुकसान दोन कंपन्या मिळून एकदाच भरून देतात. घरफोडीचे संरक्षण या वेळी घ्यायचे ठरले आहे. सासूबाईंची भांडी पत्नीने वहीत वेगळ्या पानावर, एकेक वजन करून लिहिली आहेत.