कार्ट्रिज नवी आणायची, जुनी भरायची, की टाकीवाला प्रिंटर घ्यायचा?

घरगुती इंकजेटची साधी काळी कार्ट्रिज शे-दोनशे पानं देते. एप्सनच्या टाकीवाल्या, म्हणजे बाटलीतून शाई ओतायच्या प्रिंटरची ००३ नंबरची काळी बाटली ६५ मिलिलिटरची, आणि तिच्यावर कंपनी ४,५०० पानं सांगते. दुकानदार हे दोन आकडे शेजारी ठेवतो आणि आपण मान डोलावून टाकीवाला प्रिंटर उचलून घरी आणतो. हिशेब खोटा नाही, अर्धा आहे. हे आकडे ठरावीक मजकुराची पानं न थांबता छापून काढलेले असतात. आपल्याकडे आज आधार कार्डाची प्रत, पंधरा दिवसांनी मुलीचा प्रोजेक्ट, मग थेट दिवाळीनंतर एखादा फॉर्म. मध्ये पडून राहिलेला प्रिंटर चालू झाला की आधी शाई ओढून स्वतःचं तोंड साफ करतो. ती शाई आतल्या स्पंजात जाते, पानावर नाही.

म्हणून पानाचा भाव काढण्याआधी महिन्याला किती पानं निघतात ते मोजा. आठवड्याला दोन-तीन पानं आणि घरात आधीच कार्ट्रिजवाला प्रिंटर असेल, तर दहा-पंधरा हजार घालून टाकी आणायची गरज नाही. आहे तीच कार्ट्रिज भरा.

भरण्याआधी एक गोष्ट तपासा. एचपी आणि कॅननच्या स्वस्त घरगुती प्रिंटरमध्ये शाई फवारणारं तोंड, म्हणजे हेड, बहुतेक वेळा कार्ट्रिजलाच असतं. भरताना बिघडलं तरी नुकसान कार्ट्रिजपुरतं. एप्सनमध्ये हेड प्रिंटरच्या पोटात असतं, तिथे हलकी शाई महागात पडते.

एचपी-कॅननचं हेड शाई तापवून, बुडबुडा करून थेंब उडवतं. कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली गरम सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि शाई उडाली, त्यातून ही कल्पना निघाली असं सांगतात. आपण आज त्याच सिरिंजने कंपनीची विक्री कमी करतोय, ही गंमतच. पण यातला कामाचा मुद्दा असा की हेडला थंड ठेवायचं काम शाईच करते. अक्षरं फिकी पडल्यावरही छापत राहिलात तर हेड कोरडं तापून जळतं आणि मग कितीही भरा, उपयोग नाही. फिकेपणा दिसला की त्याच दिवशी भरा. उलट, नुसती 'शाई कमी'ची सूचना आली म्हणून घाबरू नका. ती बहुतेक प्रिंटरमध्ये छापलेल्या थेंबांचा अंदाज असते. पान स्वच्छ येतंय तोवर चालू द्या. भरल्यानंतरही सूचना तशीच राहते. कॅननच्या बऱ्याच पिक्स्मा प्रिंटरवर स्टॉपचं बटण पाचेक सेकंद दाबून धरलं की ती गप्प होते.

काळी भरणं सोपं. वरचं लेबल उचला, भोकातून सुई कार्ट्रिजमधल्या स्पंजात घाला, तीन-चार मिलिलिटर सावकाश सोडा, शाई वर दिसली की थांबा. मग हेड टिश्यूवर टेकवून काळा डाग एकसारखा उमटतो का पाहा. सुकलं असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या टिश्यूवर मिनिटभर ठेवा. खाली जुना पेपर पसराच. फरशीचा डाग जातो, ओट्याच्या फटीतला जात नाही.

रंगीत कार्ट्रिजमध्ये तीन कप्पे असतात आणि कोणता कुठे हे मॉडेलप्रमाणे बदलतं. टूथपिक बुडवून रंग बघितल्याशिवाय सुई घालू नका. मी घातली होती. पिवळ्यात किरमिजी गेली आणि प्रोजेक्टमधली सूर्यफुलं झेंडूसारखी निघाली. तेव्हापासून रंगीत भरत नाही.

दुसऱ्या कंपन्यांच्या, तयार भरलेल्या स्वस्त कार्ट्रिज हा मधला पर्याय. हात काळे होत नाहीत. पण एचपीच्या काही प्रिंटरमध्ये कार्ट्रिजवरची परकी चिप ओळखून अडवायची सोय असते, आणि ऑनलाइन अपडेटनंतर काल चालणारी कार्ट्रिज आज नाकारली जाऊ शकते. परत घेणारा दुकानदार असेल तरच घ्या.

टाकी कुणी घ्यावी? क्लासेस घेणारे, सोसायटीचं काम बघणारे, दोन-तीन शाळकरी मुलांचं घर. महिन्याला शंभर-दीडशे पानं निघत असतील तर काळ्या पानाला दहा-पंधरा पैशांची शाई लागते आणि जास्तीची किंमत दोन-तीन वर्षांत वसूल होते. महिन्याला दहा पानं असतील तर हेड सुकण्याची भीती तिथेही आहेच. विदर्भातल्या मे महिन्यात तर जास्तच. आठवड्याला एक रंगीत पान छापायची सवय लावा.

रंग लागतच नसेल आणि प्रिंटर महिनोन्महिने पडून राहत असेल, तर काळा-पांढरा लेझर. टोनर ही पूड असते, सुकायचा प्रश्न नाही.

काहीही घेतलंत तरी प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करू नका. त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड टोपणाखाली जाऊन बसतं, नाहीतर उघडं राहून सुकतं. कच्च्या छपाईला ड्राफ्ट मोड, म्हणजे कमी शाईची फिकट छपाई, लावा आणि सेटिंगमध्ये 'फक्त काळी शाई' निवडा, नाहीतर काही प्रिंटर काळ्या अक्षरातही रंग मिसळतात. पावसाळ्यात कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. दमट कागदावर शाई फुटते आणि तेच पान दोनदा छापावं लागतं.

आमच्याकडे अजून जुनाच प्रिंटर आहे. काळी कार्ट्रिज मी भरतो, रंगीत पान असलं की पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो.