पेन बुडवून माशांचा आजार सांगणारे दुकानदार

नवीन टँकमधले मासे आजारी पडले म्हणून तुम्ही बाटलीत पाणी घेऊन गेलात आणि दुकानदाराने त्यात पेनासारखं यंत्र बुडवून गंभीर चेहरा केला, तर खिशात हात घालू नका. आमचे साडेतीन हजार त्या पेनामुळे गेले.

दीड फुटी टँक, त्यात सहा गोल्डफिश. "आज टँक लावा, आजच मासे सोडा," हा सल्लाही त्याचाच. आठवडाभरात मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, कल्ले लालभडक. दुकानात पेनावर ९४ आकडा आला. "मॅडम, पाण्यात इन्फेक्शन आहे."

ते पेन म्हणजे टीडीएस मीटर, वॉटर प्युरिफायर विकणारे घेऊन फिरतात ते. पाण्यात विरघळलेले क्षार साधारण किती, एवढंच त्याला कळतं. इन्फेक्शन कळत नाही, अमोनियाही वेगळा कळत नाही. मग लेबल नसलेलं निळं औषध, पिवळी पावडर आणि "स्पेशल सॉल्ट" गळ्यात मारलं. (सॉल्ट म्हणजे खडेमीठ, वाण्याकडे फार तर वीस रुपयांचं.) वर सफाईला माणूस पाठवला. त्याने सगळं पाणी ओतून दिलं आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत चोळला. सहाशे रुपये.

खरा घोळ असा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट, मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर वाढतात आणि नव्या टँकमध्ये त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीनने ते मरतात, काही औषधांनीही. म्हणजे तो माणूस पैसे घेऊन नेमके तेच धुऊन गेला. मासे मेले की नवे मासेही त्याच्याकडूनच घ्यायचे! याला अडाणीपणा म्हणायला मी तयार नाही.

शेवटी थेंबांचं अमोनिया टेस्ट किट मागवलं. अमोनिया नसेल तर पाणी पिवळं राहतं. आमचं गडद हिरवं झालं. औषधं बंद केली. रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदललं, नव्या पाण्यात आधी अँटी-क्लोरीन घालून. खाणं एक दिवसाआड, चिमूटभर. स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच, तोही हलक्या हाताने. दोन मासे वाचले आणि आता तेवढेच ठेवलेत; त्या टँकमध्ये सहा गोल्डफिश मुळात विकायलाच नको होते.

तक्रार करायची तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण बिलावर नुसतं "फिश सामान" लिहिलं होतं. तुम्ही प्रत्येक बाटलीचं नाव बिलावर लिहून घ्या. नाव लिहायला तो कां-कू करू लागला, तर बाटली तिथेच ठेवा.