मेटल थ्रीडी प्रिंटिंग जॉबवर्क, पुणे: प्रिंटिंगला पाच तारे, भट्टीला दोन

दुकानाचं नाव लिहीत नाही. माणसं चांगली आहेत आणि पुढेही काम द्यायचंय. भोसरी-चाकण पट्ट्यात लेझरने धातूची पावडर थराथराने वितळवून मेटल पार्ट काढून देणारी जी मोजकी दुकानं आहेत, त्यांतलं हे एक. माझी स्वतःची टूलरूम आहे, तेव्हा बारीकसारीक बघायची खोड आहेच.

मोल्डचे इन्सर्ट (साच्यात बसवायचे तुकडे) मी यांच्याकडूनच काढून घेतो. मॅरेजिंग स्टील (भट्टीत ठेवून कडक करायचं निकेलचं पोलाद), आत कॅव्हिटीच्या, म्हणजे साच्याच्या पोकळीच्या, आकाराप्रमाणे वळत जाणाऱ्या पाण्याच्या वाटा, ज्या ड्रिलने सात जन्मांत निघायच्या नाहीत. मशीनवरून उतरताना हार्डनेस ३५ एचआरसीच्या (कडकपणाचं रॉकवेल माप) आसपास, म्हणजे आटे पाडा, मिलिंग करा, काही त्रास नाही. मग ४९० अंशांवर ६ तास एजिंग केलं, म्हणजे भट्टीत ठेवलं, की ५२-५३. वाटांत पावडर अडकलेली कधी सापडली नाही. इथे पैकीच्या पैकी.

बिनसलं टायटॅनियमला. एका ड्रोनवाल्या ग्राहकासाठी ग्रेड ५ मध्ये (टायटॅनियमचा नेहमीचा मिश्रधातू) कॅमेऱ्याचा ब्रॅकेट हवा होता. लांबी ११० मिमी, तळाची पट्टी अडीच मिमी जाड, वर दोन उभे कान. यांनी प्रिंट काढली, बिल्ड प्लेट (ज्या जाड पाटावर पार्ट छापला जातो ती) तशीच वायरकटला (तारेने धातू कापणारं मशीन) चढवली, सपोर्ट (छापताना दिलेले टेकू) तोडले आणि पार्ट धाडून दिला. सरफेस प्लेटवर (तपासणीची सपाट फरशी) ठेवला तर मधे टेकतोय आणि दोन्ही टोकं वर. फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) ०.८ मिमीचं पान टोकाखालून आरपार.

फोन केला. "साहेब, बिल्ड प्लेटवर असताना चेक केलाय, सगळं ड्रॉइंगप्रमाणे होतं." असणारच की! लेझर ३० मायक्रॉनचा थर वितळवतो, तो थर थंड होताना आकसू बघतो, पण खालचा घट्ट झालेला धातू त्याला आकसू देत नाही. असे हजारो थर एकावर एक. वरच्या भागात ओढ साठत जाते आणि जाडजूड प्लेट सगळ्याला सरळ धरून ठेवते. वायरने प्लेटपासून सोडवला की पार्ट मनासारखा वाकून मोकळा होतो. म्हणून स्ट्रेस रिलीव्ह, म्हणजे भट्टीत तापवून ही ओढ काढणं, प्लेटवर असतानाच करायचा, कापायचं नंतर.

यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. सवय मॅरेजिंगची. ते स्टील थंड होताना २०० अंशांच्या आसपास मार्टेन्साइट होतं (आतली रचना बदलते) आणि जरा फुगतं, त्यामुळे आकसण्याची बरीच भरपाई आपोआप होते. तिथे हा टप्पा गाळला तरी खपून जातं, टायटॅनियममध्ये नाही.

सोबत आलेलं टेस्ट सर्टिफिकेट तर मोठ्या अभिमानाने दाखवलं होतं: टेन्साइल (ओढून तुटेपर्यंतची ताकद) १,२१० एमपीए, एलाँगेशन (तुटण्याआधी किती ताणला जातो) ६ टक्के. आकडा बघून खूश व्हायचं कारण नाही. अशा छापील टायटॅनियमचं मानक, एएसटीएम एफ२९२४, किमान ८९५ एमपीए मागतं, पण त्याबरोबर १० टक्के एलाँगेशनही मागतं. एवढी ताकद आणि एवढी कमी लवचीकता म्हणजे पार्ट भट्टीचं तोंड न बघता आलाय. शिवाय कूपन (चाचणीसाठी सोबत छापलेले नमुने) आडवे छापलेले. कानांवर येणारा जोर थरांना एकमेकांपासून ओढणारा. त्या दिशेचा एकही कूपन नाही.

"आमच्याकडे भट्टी आहे, मारून देतो" म्हणाले. ती साधी हवेतली भट्टी. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, वर कडक ठिसूळ साल धरते, आणि कॅमेऱ्यासकट ड्रोन हादरे खात असताना तडा तिथूनच सुरू होतो. नको म्हटलं.

एक मात्र मान्य करायला हवं, हुज्जत घातली नाही. दुसरा लॉट स्वखर्चाने काढला, प्लेटसकट बाहेरून आर्गॉनमध्ये ८०० अंशांवर २ तास ठेवून आणला, मग वायरकट. सपाटी ०.०८ च्या आत. उभ्या कूपनचं टेन्साइल १,०४० आणि एलाँगेशन १३ टक्के. कानांच्या खालची बाजू खरखरीत राहिलीय, ती हाताने फाइल मारून घ्यावी लागली, पण ते चालायचंच.

तुम्ही देणार असाल तर पीओवरच (खरेदी ऑर्डर) लिहा: स्ट्रेस रिलीव्ह प्लेटवर, वातावरण आर्गॉन किंवा व्हॅक्यूम, एक कूपन उभा, भट्टीचा चार्ट (तापमान-वेळेची नोंद) पार्टसोबत. डिलिव्हरी आठवडाभर लांबते. कोटेशनमध्ये भट्टीची ओळ ते आता वेगळी टाकतात; दर चढा आहे, तरी मी तिथे घासाघीस करत नाही. मशीन-तासावर करतो.