घरघंटी घ्यावी की दळण गिरणीतच टाकावं?

घरघंटी घ्यायची म्हणताय, तर किंमत विचारण्याआधी महिन्याचं दळण मोजा. सगळं गणित तिथेच अडतं, आणि ते दहावीच्या ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ या प्रकरणाइतकंच आहे.

गिरणीत किलोला ८ रुपये धरू. खर्च = ८ × किलो. ही रेषा शून्यातून निघते; दळलं नाही तर खर्च नाही.

घरघंटी १८,००० रुपयांची धरा. एक हॉर्सपॉवरची मोटर तासाला साधारण एक युनिट वीज खाते. तेवढ्यात सात-आठ किलो गहू निघतो असं समजून, जाळ्या आणि दुरुस्ती धरून किलोला २ रुपये लावते. खर्च = १८,००० + २ × किलो. ही रेषा उंचावरून सुरू होते, पण तिचा चढ कमी.

दोन्ही रेषा कुठे छेदतात? ८ × किलो = १८,००० + २ × किलो, म्हणजे ३,००० किलोंवर. चौघांच्या घरात महिन्याला २० किलो दळण असेल, तर पैसे वसूल व्हायला साडेबारा वर्षं! एकत्र कुटुंबात ४० किलो लागत असेल, तर सव्वासहा.

पण गिरणी लांब असेल, तर रिक्षा मोजायला विसरू नका. दहा किलोंच्या डब्यामागे जाऊन-येऊन ६० रुपये गेले, की गिरणीचा दर किलोला १४ होतो. मग छेदनबिंदू थेट १,५०० किलोंवर येतो. २० किलोवाल्यांनाही सव्वासहा वर्षं पुरतात. घरघंटीच्या किमतीत हजार-दोन हजारांची घासाघीस करून एवढा फरक पडत नाही.

विजेचा दर मात्र सरळ रेषेत चालत नाही. महावितरणच्या बिलात १०० युनिटांनंतर दर चढतो, ३०० नंतर आणखी. उन्हाळ्यात एसी लावणाऱ्यांनी २ ऐवजी ३ धरावेत.

घरात कुणाला ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) चालत नसेल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि घरघंटी घ्या. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्यात राहिलेला असतो, तो तुमच्या ज्वारीत उतरतोच. मात्र पहिल्या दिवसापासून त्या घरघंटीत गहू घालू नका.

बाकी छोट्या कुटुंबाला, गिरणी पायी पाच मिनिटांवर असेल तर, मी गिरणीच सांगेन. घरघंटीचा आवाज आणि ओट्यावर बसणारी पिठाची साय रोज पुसायची तयारी आहे का, तेही घरात विचारून घ्या.