बीटलचा ऑइल पंप बदलून आठ महिने, ४,२०० किलोमीटर

मामांकडून माझ्याकडे आलेली १९६६ची फोक्सवॅगन बीटल १३०० मी पुण्यात रोज नाही, पण नेमाने चालवतो. मागे बसवलेलं १२८५ सीसीचं, हवेवर थंड होणारं इंजिन अजून मूळचंच आहे. मागच्या वर्षापासून गाडी तापली, की सिग्नलला ऑइलचा, म्हणजे ऑइल प्रेशर कमी झाल्याचा, दिवा लुकलुकायला लागला. पसरणी घाट चढून पाचगणीत पोचलो तेव्हा तो आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) विझेचना. या इंजिनात पाणी नाही. पंख्याच्या हवेबरोबर ऑइलही इंजिन थंड ठेवतं, आणि तेही सगळं मिळून अडीच लिटर. म्हणून दुसऱ्याच दिवशी गाडी उभी केली.

पंपाला दोष देण्याआधी एक काम करा. इंजिनाच्या खालच्या बाजूला प्रेशर रिलीफचा (जादा प्रेशर सोडून देणाऱ्या झडपेचा) मोठा प्लग असतो. तो खोलून आतला पिस्टन बाहेर काढा. तो अडकून बसला असेल, तर नवा पंपही काही करू शकणार नाही. माझा पिस्टन सहज सरकत होता. मग डिस्ट्रिब्यूटरजवळच्या ऑइल स्विचच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) जोडून गेज लावलं. गरम इंजिन, २,५०० आरपीएम, प्रेशर १८ पीएसआय. कंपनीच्या हिशेबाने इथे ४२ हवं आणि २८च्या खाली गेलं तर इंजिनाकडे बघायला हवं.

पंप काढायला इंजिन उतरवावं लागत नाही. क्रँकची पुली आणि तिच्यामागचा पत्रा काढला की झाकणाचे चार नट समोर येतात. पंपाचं घर मात्र क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचात, घट्ट बसलेलं असतं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, मॅग्नेशियमचं क्रँककेस मऊ असतं आणि एक ओरखडा जन्मभर गळत राहतो. मी लेथवाल्याकडून साधा पुलर करून घेतला. झाकणाच्या आतल्या बाजूला पंपातल्या गिअरनी गोल चर पाडले होते. पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातलं तर गिअर आणि झाकण यांच्यात ०.२ मिमी फट. ती ०.१च्या आत असायला हवी. ऑइल पुढे जाण्याऐवजी तिथूनच मागे फिरत होतं.

आता नव्या पंपाची गोष्ट, कारण खरी मेहनत इथेच आहे. १९६७पर्यंतच्या इंजिनात पंपाचे स्टड ६ मिमीचे, पुढच्यांत ८ मिमीचे. शिवाय कॅमशाफ्टचं (पंप फिरवणाऱ्या दांड्याचं) गिअर सपाट आहे की आत दबलेलं, यावर पंप ठरतो. माझं गिअर सपाट, तीन रिव्हेटचं. १९७१नंतरच्या दबलेल्या गिअरचा पंप याच्या जागी चालत नाही. पहिल्यांदा मला तोच आला आणि परत पाठवण्यात पाच आठवडे गेले. दुसरा ब्राझीलमध्ये बनलेला, सपाट गिअरचा आणि २६ मिमी लांबीच्या गिअरांचा मिळाला, पण ८ मिमीच्या भोकांचा.

क्रँककेसची भोकं मोठी करून ८ मिमीचे आटे पाडायचा सल्ला मिळाला होता. मी तो मानला नाही. साठ वर्षांच्या क्रँककेसला ड्रिल लावायचं आणि तेही इंजिन गाडीत असताना, हे मनाला पटेना. त्याऐवजी पंपाच्या आणि झाकणाच्या भोकांत बसतील असे, आतून ६ मिमीचे पितळी बुश करून घेतले. लेथचं काम ६०० रुपयांत झालं. बुश फक्त भोकातली मोकळी जागा भरतात. पंपाला मध्यावर धरणारं क्रँककेसचं गोल घरच असतं, ते माझं सुदैवाने शाबूत निघालं. मग पंपाच्या अंगाला निळी शाई लावून तो आत बसवून पाहिला. ऑइल ओढायचं आणि सोडायचं अशी दोन्ही तोंडं क्रँककेसच्या वाटांशी जुळायला हवीत. सोडायचं तोंड दीडेक मिमी खाली पडत होतं. गोल कानशीने ते उघडलं, बर (कडेची धातूची कुसळं) काढली आणि रॉकेलने इतक्यांदा धुतलं, की शेवटी पांढऱ्या फडक्यावर काहीच उमटलं नाही. या गाडीत कागदी फिल्टर नसतो, नुसती जाळी असते. धातूचा एक कण राहिला तर तो थेट बेअरिंगपर्यंत जातो.

पंपाचा वरचा चेहरा काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासला. थोडं घासायचं, मोजायचं, पुन्हा थोडं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. कागदी गास्केटची जाडी धरून फट ०.०६ मिमी आली. बसवताना गिअरांत पेट्रोलियम जेली भरली, म्हणजे पंप कोरडा फिरत नाही आणि पहिल्या फेरीपासून ऑइल ओढतो. नट हलके ठेवून इंजिन हाताने दोनदा पूर्ण फिरवलं, तेव्हा पंप कॅमशाफ्टच्या खाचेशी आपोआप सरळ आला. मगच नट आवळले. ६ मिमीच्या स्टडला ८ मिमीचा ताण देऊ नका, आटे निघून येतील. स्पार्क प्लग काढून स्टार्टर मारला, दिवा विझला, आणि त्यानंतरच इंजिन चालू केलं.

३० मिमीच्या गिअरांचा पंपही मिळत होता. तो घेऊ नका, असं मी आठ महिन्यांनंतर ठामपणे सांगेन. माझ्यासारख्या एकाच रिलीफच्या इंजिनात थंड ऑइल जड असताना एवढा पंप प्रेशर फार चढवतो आणि त्याचा मार ऑइल कूलर व त्याच्या सीलांवर बसतो. २६चा असूनही डिसेंबरच्या पहाटे माझं गेज ६५पर्यंत जातं. म्हणून पहिली दोन मिनिटं मी गाडी जराही ताणत नाही.

गरम इंजिनाला, २,५०० आरपीएमवर आता ३४ पीएसआय येतं. ४२ नाही, कारण बेअरिंग मूळचीच आहेत आणि पंप त्यांची झीज भरून काढू शकत नाही. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता कात्रजच्या कोंडीत अर्धा तास अडकलो आणि दिवा एकदाही लागला नाही. पसरणी घाट दोनदा चढलो, पावसात ताम्हिणी केला. ऑइल २०डब्ल्यू-५० वापरतो आणि २,००० किलोमीटरला बदलतो.

एक तक्रार राहिली. तिसऱ्या महिन्यात झाकणाच्या खालच्या उजव्या स्टडपाशी ऑइल पाझरायला लागलं. बुश आणि स्टडमधल्या केसाएवढ्या फटीतून ते येत होतं. सीलवाला नट आणि आट्यांवर थोडा सीलंट लावल्यावर थांबलं. बुशचा मार्ग धरणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं. गेल्या आठवड्यात झाकण पुन्हा उघडलं. फट ०.०७ आहे, झाकणावर चर नाहीत. नवं गास्केट घालून बंद केलं.