लांबच्या प्रवासात लेकरांच्या हाती फोन द्यावा, की कानी गोष्ट?

पाच-सहा तासांचा रस्ता असला आणि मागच्या सीटवर लेकरं असली, की आईबापापुढे खरे दोनच पर्याय उरतात. एक तर फोन किंवा टॅब हातात द्यायचा, नाही तर गाडीच्या स्पीकरवर गोष्टी लावायच्या. रंगवायची वही, पत्ते, छोटी खेळणी हे सारं पहिल्या फाट्यापर्यंत पुरतं. एक रंगखडू सीटखाली गेला की रडारड सुरू. भेंड्या रंगतात, पण त्यांना मोठ्यांचा उत्साह लागतो, आणि भर दुपारी तो कुठून आणायचा? म्हणून इथं या दोनच पर्यायांबद्दल लिहितो. दोन्ही आमच्या गाडीत बरेच दिवस चालले आहेत. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची, आणि नेहमीचा रस्ता दारव्ह्याहून धारणीचा, लेकरांच्या मामाच्या गावाचा. कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, परतवाडा आणि तिथून पुढे मेळघाटचा घाट.

आधी फोनची बाजू, कारण ती हलकी नाही. फोन दिला की गाडीत जी शांतता होते, ती दुसऱ्या कशानंही होत नाही. आदल्या रात्री बॅगा भरून, पहाटे उठून डबा करून निघालेल्या बाईला मूर्तिजापूरपर्यंत डोळा लागतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. चालवणाऱ्याचंही लक्ष रस्त्यावर राहतं. ‘आलं का?’ हा प्रश्न तासभर तरी ऐकू येत नाही. खर्च म्हणाल तर फोन घरात असतोच.

अडचणीही आहेत, पण बऱ्याचशांवर इलाज आहे. मेळघाटात मैलोन्‌मैल रेंज नसते, त्यामुळे कार्टून मध्येच गोल फिरत बसतं. ते घरूनच डाउनलोड करून ठेवलं की प्रश्न मिटला. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, काचेतून ऊन थेट फोनवर पडलं की तो तापून बंद पडतो. टॉवेल लावून सावली करता येते. एकाला क्रिकेट, दुसरीला कार्टून हे भांडण मात्र मिटत नाही, फक्त पाळीपाळीनं पुढं ढकलता येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. त्यात दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको असं म्हटलं आहे. ते योग्यच आहे, पण खरं सांगायचं तर आमच्या घरी निर्णय त्यावरून झाला नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा दिवस जास्त झाला, तर मी ते चालवून घेतलं असतं.

निर्णय झाला तो घाटावर. परतवाडा सुटलं की रस्ता डोंगराला भिडतो आणि घटांगपर्यंत वळणामागून वळण येतं. मुलीच्या हातात फोन, मान खाली. दोन-चार वळणं गेली की ती गप्प होते. कार्टून चालूच असतं, पण ती हसत नाही. आरशातून पाहावं तर चेहरा पांढराफट्ट, वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब, तोंडाला सुटलेलं पाणी ती सारखी गिळते आहे. मग एकदम, ‘बाबा, मले कसंतरीच होऊन रायलं.’ त्या वाक्यानंतर हातात फार तर अर्धा मिनिट असतो. पुढं वळण, मागं एसटी, बाजूला दरी, गाडी घ्यावी कुठं? पिशवी सापडेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. पाण्यानं सीट पुसता येते, पण सीट कव्हरच्या शिवणीत जे जातं ते जातंच. तो आंबूस वास काचा बंद केल्या की पुन्हा वर येतो, आणि त्या वासानं मुलाचंही पोट ढवळायला लागतं. सेमाडोह, हरिसाल अजून पुढंच असतं. व्याघ्र प्रकल्पातला रस्ता, तिथं लेकराला मोकळी हवा खायला खाली उतरवायचं मन होत नाही. मामाकडे पोचल्यावर लेकरू आजीच्या गळ्यात पडायचं सोडून खाटेवर आडवं होतं, आणि आजीनं मायेनं केलेल्या पुरणपोळीकडे पाहतही नाही. माझा जीव तुटायचा तो याच जागी.

गाडी लागण्याचं कारण तसं सरळ आहे. कानाच्या आत तोल सांभाळणारा जो अवयव असतो, तो मेंदूला सांगतो की आपण वळतो आहोत, हेलकावतो आहोत. खाली स्क्रीनला खिळलेले डोळे सांगतात की सारं जागच्या जागी आहे. मेंदूला हा मेळ बसत नाही, आणि पोट ढवळतं. दोन ते बारा या वयात हा त्रास सगळ्यांत जास्त असतो, म्हणजे नेमका आपण ज्या वयात हातात फोन देतो त्याच वयात. मान वर करून दूर, गाडी जाते त्या दिशेला पाहिलं की बरं वाटतं ते यामुळेच. आवळासुपारी, लिंबू हुंगणं हे आपले घरचे उपाय आम्हीही केले, डॉक्टरांना विचारून औषधही दिलं. औषधानं फरक पडतो, पण लेकरू पेंगुळतं, आणि मान खाली असली की थोडं ढवळतंच. निदान आमच्या मुलीचं तरी असंच आहे. मुलाला एवढा त्रास होत नाही, तेव्हा तुमच्या लेकरांचं वेगळं असू शकेल.

गोष्टींचं मोठं सुख हेच, की कान कामाला लागतात आणि डोळे मोकळे राहतात. ‘ऐक’ म्हटलं तर मूल मान खाली घालत नाही, आपसूक खिडकीबाहेर पाहतं. घाट तोच, वळणं तीच, पण गोष्ट लावल्यापासून पिशवी बहुतेक वेळा कोरीच परत येते.

गोष्टींत उणं नाही असं मात्र नाही. काचा खाली असतील तर वाऱ्यापुढे निम्मं ऐकू येत नाही, म्हणजे एसी नसलेल्या गाडीत हा पर्याय अर्धाच. आवडली ती गोष्ट लेकरं परत परत लावायला लावतात आणि चालवणाऱ्याला ती पाठ होते. मुलीला आवडते ती चिमणी-कावळ्याची गोष्ट मुलाला आता बाळबोध वाटते, त्याला भुताची किंवा शिकारीची हवी असते. आणि तयारी लागते. फोन काय, चार्ज केला की झालं. गोष्टी आधी जमवाव्या लागतात. ॲपवर मराठी गोष्टी मिळतात, पण बऱ्याच पुस्तकी भाषेतल्या असतात आणि मुलीचं लक्ष त्यांतून लवकर उडतं. आम्ही घरच्या आजीकडूनच गोष्टी रेकॉर्ड करून घेतल्या. आपल्या वऱ्हाडीत, ‘मंग काय झालं बाप्पा’ म्हणत ती सांगते तेव्हा दोघंही गप्प असतात, मोठासुद्धा. माझ्या मते याच्यापुढे विकतची गोष्ट टिकत नाही.

आणखी एक फायदा मला आधी ठाऊकच नव्हता. डोळे बाहेर असले की रस्ताही कामाला येतो. आमच्या वाटेवर दारव्ह्यापासून अंजनगावपर्यंत शकुंतलेची साथ आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटरची ती अरुंद रेल्वे, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावायची. आता गाडी बंद आहे. गवतातले ते हातभर अंतरावरचे रूळ पाहून मुलानं विचारलं, ‘एवढ्याशा पट्टीवर गाडी पडत नव्हती काहून?’ तिथून निघालेली चर्चा दर्यापूरपर्यंत पुरली. हातात फोन असता तर त्याला ते रूळ दिसलेही नसते. अंजनगावकडचे पानमळे, अचलपूरकडच्या संत्र्याच्या बागा, तुरीत मधेच उभी असलेली मचाण, हे सारं त्यांना आता तोंडपाठ आहे.

गोष्ट संपल्यावरच्या मोकळ्या वेळात गाड्यांचे नंबर आहेतच. विदर्भाचे ११ जिल्हे आणि एमएच २७ ते एमएच ३७ हे ११ आकडे. २७ अमरावती, २८ बुलढाणा, २९ आपलं यवतमाळ, ३० अकोला, ३१ नागपूर, ३२ वर्धा, ३३ गडचिरोली, ३४ चंद्रपूर, ३५ गोंदिया, ३६ भंडारा, ३७ वाशीम. मुलाला हे शाळेत शिकवावे लागले नाहीत. धारणीच्या रस्त्यावर ३३ दिसणं फारच दुर्मीळ, त्यामुळे गडचिरोलीची गाडी दिसली की दोघंही ओरडतात. मध्य प्रदेशची सीमा जवळ असल्यानं बैतूल-बऱ्हाणपूरच्या गाड्या भरपूर, त्यांचा हिशोब मुलगी ठेवते.

रस्ता समृद्धी महामार्गाचा असेल तर माझं मत थोडं सैल होतं. कारंजाला चढलं की मुंबईच्या बाजूला सरळसोट रस्ता, घाटासारखी वळणं नाहीत, गाव नाही, रसवंती नाही. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर लेकरांनी पाहावं असं खिडकीबाहेर फार थोडं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून आम्हीही त्यावरून जातो, आणि तिथं जेवणानंतर तासभर सिनेमा लावायला माझी हरकत नसते. तरीही तो टॅब हातात देत नाही, पुढच्या सीटच्या पाठीला डोळ्यांच्या उंचीवर अडकवतो, म्हणजे मान वर राहते. मेळघाट, चिखलदरा किंवा कोणताही घाट असेल, तर मात्र मी फोन डिकीतल्या बॅगेतच ठेवेन.

आजीच्या गोष्टी रेकॉर्ड करणार असाल तर दोन गोष्टी पाहा. प्रत्येक गोष्टीची फाइल वेगळी करा, नाही तर ‘ती भोपळ्याचीच लाव’ म्हटल्यावर चालत्या गाडीत शोधत बसावं लागतं. आणि रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवा. घरात जी घरघर ऐकूही येत नाही, ती गाडीच्या स्पीकरवर आजीच्या आवाजापेक्षा मोठी होते.