जेवणाच्या टेबलावर फुलं की परसातली पानं?

नाताळच्या सुट्टीत मुंबईहून आठ माणसं येणार, टेबल कशाने सजवू, असं वहिनीने विचारलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली फुलं, की परसातली क्रोटनची पानं?

खर्चाचं सोपं आहे. पानं फुकट, फुलांचे भाव सणासुदीला चढतात.

टिकण्यात मात्र मोठा फरक. झेंडू पाण्याविना दुसऱ्याच दिवशी मान टाकतो आणि पाकळ्या आमटीत. अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, त्यामानाने चिवट. क्रोटन पाण्यात आठवडाभर सहज राहतो, फक्त कापल्यावर देठाचा चीक नीट पुसा. माझ्या पांढऱ्या टेबलक्लॉथवरचा तपकिरी डाग तीन धुण्यांनंतरही तसाच आहे.

मेहनत पानांना जास्त: धुवा, मुंग्या झटका, देठ सारखे कापा. फुलं वाटीत सोडली की झालं. वासाची फुलं नकोतच. सुंगटांच्या हुमणाशी, म्हणजे कोळंबीच्या आमटीशी, मोगऱ्याचं जमत नाही.

एका संध्याकाळचं जेवण असेल तर फुलं, तीही बुटक्या वाटीत, समोरचा माणूस दिसला पाहिजे. पाहुणे मुक्कामाला असतील तर पानं, मधोमध करवंटीत पणती. वहिनीचे पाहुणे पाच दिवस राहणार आहेत. तिच्याकडे कात्री पाठवलीय.